गयाआत्याचे मिटलेले डोळे

वसमत

मार्च महिन्यात मराठवाड्यात जाऊ नये, एवढी अक्कल मला आहे. तरी मी गेले, कारण मिलिंदने फोनवर "मॅडम, चित्र येत न्हाई" एवढंच सांगितलं आणि नंतर फोन बंद करून ठेवला. त्यानंतर मी दिवसभर त्याचा नंबर फिरवत होते आणि एक यांत्रिक बाई मला तेच तेच ऐकवत होती.

मिलिंद माझा विद्यार्थी. पुण्यातल्या ज्या कला महाविद्यालयात मी निवृत्त होईपर्यंत शिकवलं, तिथे तो वसमतजवळच्या एका खेड्यातून आला होता. गावच्या जयंतीच्या मिरवणुकीसाठी मोठाली चित्रं रंगवून हात तयार झालेला, रंगाला अजिबात न भिणारा मुलगा. शिक्षण संपल्यावर तो शहरात थांबला नाही, गावी परत गेला, तेव्हा मी त्याच्यावर भयंकर चिडले होते. पण चित्रं आली ती तिथूनच. आधी जिल्ह्याचं बक्षीस, मग विभागाचं, मग राज्य प्रदर्शनाचं. राष्ट्रीय स्पर्धेत दोनदा शेवटच्या फेरीपर्यंत जाऊन तो हात हलवत परत आला होता. यंदा पुन्हा शेवटच्या फेरीत होता आणि तरुण गटात बसण्याचं त्याचं हे शेवटचं वर्ष. आधीच्या फेऱ्या फोटोवर होतात, शेवटच्या फेरीला मात्र मूळ चित्र दिल्लीला लागतं. राज्यातून निवडलेली सगळी चित्रं शनिवारी एकाच ट्रकने पुण्यातून निघणार होती. आणि हा म्हणतो, चित्र येत न्हाई!

परभणीपर्यंत रेल्वे आणि पुढे एसटी, त्याबद्दल काही लिहीत नाही. ज्यांनी तो प्रवास केला आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी केला नाही त्यांनी सुखी राहावं. गुरुवारी सकाळी वसमतला उतरले तेव्हा सगळं गाव हळदीच्या वासात बुडालेलं होतं. पोत्यांनी भरलेले ट्रॅक्टर बाजाराकडे चालले होते. माणसांच्या टोप्या पिवळ्या, ट्रॅक्टरची चाकं पिवळी, हॉटेलवाल्याच्या टेबलावरही पिवळा थर. आमच्याकडे पुण्यात हळद म्हणजे डब्यातला एक चमचा. इथे ती रस्त्यावर सांडते आणि कुणी वळूनही पाहत नाही.

पहिला मिलिंद भेटला तो बसस्टँडसमोर, फ्लेक्सवर. राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. खाली शुभेच्छुकांचे चेहरे, कुणी गॉगल लावलेला, कुणी फोन कानाला लावलेला, कुणी नुसताच हात जोडलेला. त्या गर्दीत मिलिंद खालच्या कोपऱ्यात आधार कार्डाच्या फोटोएवढा. ज्या चित्रासाठी हे सगळं अभिनंदन, ते चित्र फ्लेक्सवर कुठेच नव्हतं. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नव्हतं म्हणजे नव्हतं.

गावाकडे जाणारी जीप भरल्याशिवाय हलत नाही. भरली म्हणजे आपण समजतो तशी नाही; माझ्या मांडीवर कुणाच्या तरी लग्नाच्या कपड्यांचं बासन आल्यावर ड्रायव्हरला ती भरल्यासारखी वाटली. मी कुठे चालले हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, पण ते सगळ्यांना माहीत होतं.

"मिलिंददादाकडं व्हय?" ड्रायव्हर म्हणाला. "आता काय पाहता तिथं. म्हातारीनं चित्र कोंडून ठिवलं ना."

"कुठली म्हातारी?"

"त्याची आत्या, गयाबाई. चित्रात तीच हाय. जित्त्या बाईला हार घातला म्हनून कुलूप लावून बसली."

मला काही कळेना. पुढचा सगळा रस्ता बाकीच्या प्रवाशांनी मला ते समजावून सांगितलं, सगळ्यांनी एकाच वेळी.

गावात

झालं होतं ते असं. निवडीची बातमी आली आणि गावाने सत्कार ठरवला. या भागात सत्काराची माणसांना इतकी हौस, की मिलिंदचा जिल्ह्याच्या बक्षिसापासून प्रत्येक वेळी झाला आहे, आणि जिंकला नाही तेव्हाही "प्रयत्नाबद्दल" झाला आहे. सरपंचांनी तालुक्याहून प्रमुख पाहुणे आणले. स्टेजवर महापुरुषांच्या प्रतिमा ओळीने मांडल्या आणि त्याच ओळीत, जागा पुरेना म्हणून, मिलिंदचं चित्र ठेवलं. निवेदक म्हणाला, "आता पाहुण्यांच्या शुभहस्ते प्रतिमापूजन." पाहुणे पहिल्या प्रतिमेपासून सुरू झाले, हार घालत, उदबत्ती ओवाळत, हात जोडत पुढे सरकले आणि ओळीच्या शेवटी असलेल्या गयाबाईंनाही त्यांनी हार घातला. चित्रात गयाबाईंचे डोळे मिटलेले. पाहुण्यांनी त्यांच्यापुढे मान खाली घालून क्षणभर शांतताही पाळली म्हणे. आणि खऱ्या गयाबाई पहिल्या रांगेत खुर्चीवर बसून हे सगळं पाहत होत्या.

"निवेदक काय करत होता?" मी विचारलं.

"त्याच्या हातात माईक व्हता," कुणीतरी म्हणालं.

जीप थांबली तिथे सरपंच उभे होते. सोबत चार माणसं, एक शाल आणि एक नारळ. मी हात जोडून सांगितलं की मला वेळ नाही, चित्र उद्या निघायलाच हवं. "बराबर हाय मॅडम, पाच मिन्टं," असं म्हणून त्यांनी भर उन्हात माझ्या खांद्यावर लोकरीची शाल पांघरली. मग गुरू आणि शिष्य यांवर त्यांनी भाषण केलं. घामाच्या धारा माझ्या पाठीवरून वाहत होत्या आणि समोर एक माणूस शांतपणे फोटो काढत होता. पुण्यात आम्ही पाहुण्याला चहा घेणार का असं विचारतो आणि तो नको म्हणाला तर मनातून खूश होतो. इथे विचारण्याची पद्धतच नाही. चार घरी मला चहा प्यावा लागला, आणि प्रत्येक घरचा चहा आधीच्या घरापेक्षा गोड.

शेवटी मिलिंद सापडला. कालव्याच्या काठाला, जिथे सिद्धेश्वर धरणाचं पाणी येतं, तिथे तो पाण्यात पाय सोडून बसला होता.

"फोन काहून बंद?" मीही त्याच्याच भाषेत ओरडले.

"चालू केला की सत्काराचे फोन येऊन राहिले मॅडम. अजून तीन गावं बाकी हायेत."

"आणि चित्र?"

"आत्याकडं." मग म्हणाला, "कुलपाची किल्ली तिच्या कनवटीला."

मला इतका संताप आला होता की मी म्हणाले, तोड ते कुलूप. मिलिंदने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला कुणाच्या घरी दरोडा घालायला सांगितलं होतं. आई गेल्यावर त्याला या आत्याने वाढवलं होतं. हळदीच्या कामावर जाऊन तिनेच त्याला पुण्याला पाठवलं, हे मला माहीत होतं, त्यामुळे मग मी आत्याच्याच दाराशी गेले.

आत्याचं दार

गयाबाई अंगणात वाळत घातलेली हळद फावड्याने उलटीपालटी करत होत्या. शिजवलेली हळद पसरलेली, तिच्यावर ऊन असं की पाहवत नव्हतं. बाई काटक, उंच, मनगटापर्यंत पिवळ्या. मला पाहून त्यांनी फावडं बाजूला ठेवलं.

"तुमी त्याच्या मॅडम व्हय? बसा. पानी प्या. चित्राचं नाव काढू नका."

मी पाणी प्यायले आणि चित्राचं नाव काढलं. "आत्याबाई, हार कुणी मुद्दाम घातला नाही हो."

"मुद्दाम न घालता बी फोटोलाच कसा पडला मंग? म्या समोर बसलेली. माझ्या गळ्यात घालायला काय तकलीफ व्हती?"

"पण मिलिंदचं नुकसान होतंय ना. पुढच्या वर्षी त्याला या गटात घेणार नाहीत."

"म्हाईत हाय. मलाच जास्त म्हाईत हाय. म्हनून तर म्हनते, डोळे उघडून दे, अन् ने खुशाल दिल्लीला. मेलेल्या बाईवानी तोंड घेऊन म्या कुठं जानार न्हाई."

"चित्र आधी पाठवलेल्या फोटोत होतं तसंच असावं लागतं. जरा बदललं तरी बाद करतात. नियम आहे."

"नियम त्यायचा आसंल," गयाबाई म्हणाल्या. "तोंड माझं हाय."

संध्याकाळपर्यंत मी हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगत राहिले आणि त्या हेच त्याच शब्दांत सांगत राहिल्या. वर ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा माझ्यापुढे ठेवला. जेवण इतकं चविष्ट होतं की मला नीट चिडताही येईना, आणि याचा मला आणखी राग आला.

शुक्रवार

रात्री मी गयाबाईंकडेच राहिले. सकाळी आवराआवर करताना मी ठरवलं होतं की दुपारपर्यंत काही झालं नाही तर हात हलवत परत जायचं आणि मिलिंदशी पुन्हा बोलायचं नाही. टेम्पो मात्र सांगून ठेवला होता. तो अंगणाबाहेर येऊन उभा होता आणि ड्रायव्हर त्यात झोपला होता.

तेवढ्यात एक जीप आली. जीप थांबायच्या आधीच आतून रडण्याचा आवाज आला. बाया उतरल्या, पदर डोक्यावर, आणि "गया गं, माझी माय गं" करत गळा काढून अंगणात शिरल्या. सगळ्यात पुढे होती सुभद्रा, गयाबाईंची चुलतबहीण, सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावची. जिल्ह्याच्या या टोकावरून त्या टोकाला ही माणसं पहाटे निघून आली होती. सत्काराचा तो फोटो या मोबाईलवरून त्या मोबाईलवर फिरत काल गोरेगावला पोचला होता: डोळे मिटलेली गया, गळ्यात हार, पुढे उदबत्ती आणि मान खाली घालून उभा असलेला पाहुणा. यातून कुणीही दुसरा काय अर्थ काढला असता? त्यांनी मिलिंदला फोन केला होता. मिलिंदचा फोन अर्थातच बंद होता.

गयाबाई मागच्या अंगणात होत्या. रडणं ऐकून त्या फावडं टाकून धावत आल्या, डोक्यावर पदर घेतला आणि आधीच डोळे भरून विचारू लागल्या, "कोन गेलं गं? सुभद्रा, कोन गेलं?"

सुभद्राने वर पाहिलं आणि अशी किंकाळी फोडली की टेम्पोचा ड्रायव्हर जागा झाला.

पुढचा गोंधळ सांगत नाही. सुभद्रा आधी घाबरली, मग गयाबाईंच्या गळ्यात पडून खरंखुरं रडली, मग इतक्या लांब उगाच यायला लावलं म्हणून तिलाच रागावली. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून जाणारे भाकऱ्या बांधून नेतात. गोरेगावकरांनीही पिठलं, भाकरी, शेंगदाण्याची चटणी असं गाठोडं आणलं होतं. आता ते टाकून थोडंच देणार? सगळे अंगणात पंगतीला बसले आणि गयाबाई स्वतःच्या मरणाची भाकरी खायला बसल्या. पहिला घास घेऊन त्या म्हणाल्या, "चटनीत तिखट कमी हाय. माझ्यासाठी करायची तर नीट करायची व्हती." लोक हसले. त्या हसल्या नाहीत.

जेवण होताच त्यांनी हात धुतले, कनवटीची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि चित्र बाहेर आणून भिंतीला टेकवून ठेवलं.

"पाह्यलं ना मिल्या? आता काढ डोळे."

फोटोत पाहिलेलं ते चित्र मी पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहत होते. हळदीच्या पोत्यांना टेकून बसलेली बाई. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं, पिवळे हात मांडीत उताणे पडलेले. कुठेही हालचाल नाही, तरी तिचा श्वास चालू आहे हे कळत होतं. कशामुळे कळतं ते मला इतकी वर्षं शिकवूनही सांगता येणार नाही. मला भरून आलं आणि त्याच वेळी या सगळ्यांना एकेक करून कालव्यात ढकलावंसंही वाटलं.

मिलिंद आत गेला आणि रंगांची पेटी घेऊन आला.

"अरे तू वेडा आहेस का!" मी ओरडले. "दोनदा परत आलास. हे तुझं सगळ्यात चांगलं चित्र आहे. त्या डोळ्यांना हात लावलास तर ते संपलं, आणि स्पर्धाही संपली. माझ्यासमोर करू नकोस, मी जाते!"

"जाऊ नका मॅडम," तो म्हणाला. "मला बी करायचं न्हाई. पन लोक रडत घरी आले तिच्या. ती माझ्यामुळं मेली गावात. चित्र दुसरं करीन मी. तिला काय सांगू?"

मी पायरीवर बसले, आणि खरं सांगते, मी रडले. शाल जवळ होती, ती डोळ्यांना लावली. टोचली.

उघडे डोळे रंगवायचे तर उघडे डोळे समोर हवेत. मिलिंदने गयाबाईंना पोत्यांपाशी, चित्रातल्यासारखंच बसवलं. त्या ताठ बसल्या, डोळे वटारून, पोलीस ठाण्यात फोटो काढायला बसवल्यासारख्या. मिलिंद रंग मिसळत होता. मुद्दामच सावकाश मिसळत होता, हे मला दिसत होतं. दुपार तापली होती. गोरेगावकर सावलीत बसले होते. बाई पहाटेपासून हळदीत राबलेली, वर दोन भाकऱ्या पोटात गेलेल्या. डोळे एकदा मिटले, पुन्हा उघडले. पुन्हा मिटले. मान पोत्याला टेकली, तोंड किंचित उघडलं, आणि हात सुटून मांडीत पडले.

मिलिंदचा ब्रश हवेतच थांबला होता.

सुभद्रा आधी गयाबाईंकडे, मग चित्राकडे, मग पुन्हा गयाबाईंकडे पाहत राहिली. आणि एकदम खदखदा हसायला लागली. "अय्या! ही तर जशीच्या तशी! अन् आमी रडून राहिलो!" तिच्यापाठोपाठ सगळे हसले, आणि त्या आवाजाने गयाबाई जाग्या झाल्या.

"झाले का डोळे?"

"तूच मिटले ना आत्या," मिलिंद म्हणाला.

"म्या न्हाई मिटले."

"मिटलेस. आमी सगळ्यायनं पाह्यलं," सुभद्रा म्हणाली. "लहानपनापासून अशीच झोपतीस तू, तोंड उघडं टाकून. पाय तोडून नेला तरी कळायचं न्हाई."

गयाबाई उठल्या. चित्रापाशी गेल्या आणि खाली बसल्या. हात लावू नका म्हणून मी ओरडणार होते, पण त्यांनी हात लावलाच नाही. चित्रातल्या पिवळ्या हातांशेजारी स्वतःचा हात नुसता धरला आणि कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

"अशी झोपते म्या?"

"रोज," मिलिंद म्हणाला.

"मला काय ठावं. झोपल्यावर आपलं तोंड आपल्याला कुठं दिसतं." मग अगदी हळू म्हणाल्या, "ही मेलेली न्हाई रं. दमलेली हाय."

मिलिंदने ब्रश खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. गयाबाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली, त्याच्या शर्टावर पिवळा पंजा उमटला. मग त्यांनी मला विचारलं, टेम्पोवाला काय झोपायला बोलावला का?

परत

चित्र बांधायला पुठ्ठा, बुडबुड्यांचा कागद असलं काही मिलिंदकडे नव्हतं. गयाबाईंनी लोखंडी पेटी उघडली. आत सत्कारांच्या शाली होत्या, जिल्ह्याच्या, विभागाच्या, राज्याच्या, आणि प्रयत्नाबद्दलच्याही. एकेक शाल त्यांनी स्वतःच्या हाताने चित्राभोवती गुंडाळली. शेवटची माझी होती, तीही घेतली. तिचा काही उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं.

"नीट न्या," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. "धक्के नको देऊ. झोपमोड हुईल तिची."

आणि मिलिंदला म्हणाल्या, "अन् पुढच्या टायमाला सांग त्या सरपंचाला. हार माझ्या गळ्यात घालायचा, फोटोच्या न्हाई."

शनिवारी सकाळी आम्ही पुण्यात पोचलो. माझी पाठ अजून दुखते. चित्र उतरवून घेणाऱ्या मुलाने एवढ्या शाली पाहून विचारलं, आत काय आहे? मिलिंद म्हणाला, "माझी आत्या." त्या मुलाने चित्र जरा जास्तच हळू खाली ठेवलं.

निकाल लागला त्या दिवशी मिलिंदने फोन केला. चित्राला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. मागे सरपंच सत्काराची तारीख विचारत होते. मला आग्रहाचं बोलावणं होतं. त्या जीपमध्ये मी पुन्हा बसणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं.

परवा तो सत्कार झाला. मिलिंदने फोटो पाठवला आहे. स्टेजवर मधल्या खुर्चीत गयाबाई बसल्या आहेत, नव्या साडीत. या वेळी सरपंचांनी चूक केलेली नाही, झेंडूचा हातभर जाड हार त्यांच्याच गळ्यात आहे. बाजूला कुणीतरी माईक धरून भाषण करतंय आणि ते बराच वेळ चाललं असावं. कारण गयाबाईंची मान खुर्चीच्या पाठीला टेकली आहे, तोंड किंचित उघडं आहे, पिवळे हात मांडीत उताणे पडले आहेत आणि डोळे मिटलेले आहेत.

फोटोखाली मिलिंदने लिहिलं आहे, "मॅडम, गोरेगावला आधीच फोन करून ठिवला."